पाच हात जाळं

फॉर्मवर चारच ओळी होत्या, पण वाचता वाचता माझे कान तापले. ‘सोबत सादर केलेला प्रबंध व प्रदर्शित कलाकृती हे सर्वस्वी माझे स्वतःचे काम असून त्यात अन्य कोणाचाही सर्जनशील वाटा नाही.’ खाली माझं नाव छापलं होतं, डिंपल हेमराज नान्हे, आणि नावाखाली सहीची रेघ. बुधवारी अकराच्या आत सही केली तर तोंडी परीक्षा, आणि परीक्षा पार पडली तर डॉक्टरेट. नाही केली तर माझ्या नोंदणीची सहा वर्षं त्याच आठवड्यात संपत होती. मुदतवाढ एकदाच मिळते, ती मी केव्हाच वापरून बसले होते.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं त्याला आमच्या मॅडम ‘डिंपलचा तापट स्वभाव’ म्हणतात. स्वभाव तापट आहेच. पण चूल कोणी पेटवली तेही कोणी विचारावं की नाही?

चंद्रपूरला बल्लारपूर रोडवर आमची कलाशाळा आहे. तिथे डॉक्टरेटसाठी नुसता प्रबंध लिहून भागत नाही. जे शोधायचं ते हातानं करून शोधायचं, आणि शेवटी भिंतीवर लावून दाखवायचं. याला कलाधिष्ठित संशोधन म्हणतात. आमच्या गावात याला काम म्हणतात.

गाव मूल शहराच्या अलीकडे, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली. आम्ही ढिवर, मासे धरणारे. आई-बाबा सकाळी तलावावर, दुपारी धानाच्या बांधीत. माझा संशोधनाचा विषय जाळं. मॅडमनी त्याचं जे शीर्षक ठेवलं ते अडीच ओळींचं आहे आणि मला ते अजूनही एका दमात म्हणता येत नाही.

मॅडम म्हणजे माझ्या गाइड. बाई वाईट नाहीत, तेच तर दुखणं आहे. वाईट असत्या तर मी पहिल्याच वर्षी भांडून मोकळी झाले असते. पुण्याहून आल्या, इथल्या उन्हात टिकल्या. माझ्या पहिल्या निबंधाचं पान न् पान त्यांनी लाल शाईनं दुरुस्त केलं, मला चारचौघांत उभं राहून बोलायला शिकवलं. आमच्या घरी येऊन झिंग्याची चटणी बोटं चाटत खाल्ली आणि निघताना मोठी मायला म्हणाल्या, “गिरजाबाई, खऱ्या कलाकार तुम्ही आहात.” प्रबंधात मात्र ही खरी कलाकार ‘माहिती देणारी, स्त्री, वय ६८, निरक्षर’ अशी आली. मी गिरजाबाई लिहायचे, मॅडम खोडायच्या, मी पुन्हा लिहायचे. “संशोधनाला शिस्त असते, डिंपल,” असं त्यांचं म्हणणं. एका जिवंत बाईचं नाव खोडल्याशिवाय ही शिस्त का पाळता येत नाही, ते मला सहा वर्षांत कोणी सांगितलं नाही.

मोठी माय म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. तिचा नवरा लवकर गेला, तिला मूलबाळ नाही, आणि माझे आई-बाबा दिवसभर घराबाहेर, म्हणून मी तिच्याच मांडीवर वाढले. मांडीवर म्हणजे खरोखर मांडीवर, कारण हातात कायम जाळं असायचं आणि मी त्याच्या खाली झोपायचे. आमच्या तलावावरची निम्मी जाळी तिच्या हातची आहेत.

जाळं बांधायला फार काही लागत नाही. सूत, सुई आणि बांबूची एक पट्टी. सूत पट्टीभोवती घ्यायचं, गाठ मारायची, पट्टी पुढे सरकवायची. पट्टी जेवढी रुंद तेवढी चौकट पडते. त्या चौकटीला आम्ही घर म्हणतो. लहान मासोळीला दोन बोटं रुंद पट्टी, मरळीला चार बोटं. पण कोणाची बोटं? इथेच सगळी गोम आहे. आमच्यात ज्यानं त्यानं आपली पट्टी आपल्या बोटांवर ठेवून कापायची. दुसऱ्याच्या पट्टीनं बांधायचं नाही. बांधलंच, तर जाळं पट्टीवाल्याचं, बांधणाऱ्याचं नाही. बायको नवऱ्याच्या पट्टीला हात लावत नाही, पोरगा बापाच्या नाही. माणूस गेला की त्याची पट्टी तलावात सोडून देतात. म्हणूनच पाळीवर वीस जाळी वाळत असली तरी प्रत्येकाला आपलं सापडतं, नुसती बोटं घालून.

हे सगळं मी प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात लिहिलं, तळटीपांसकट. आणि लिहिता लिहिता मीच ते मोडलं.

त्याचं असं झालं. दुसऱ्या वर्षी मॅडमना सेमिनारमध्ये दाखवायला दहा हात जाळं हवं होतं. मी माझी पट्टी कापली होती, पण बांधायला बसले की घरं लहानमोठी पडायची, गाठी सरकायच्या. मॅडम बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत, आणि त्यांचं न बोलणं मला फार लागायचं. मी गावी गेले. मोठी मायच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तिनं बांधणं सोडलं होतं. तिची मरळीची पट्टी आढ्याला खोचलेली होती. मी मागितली.

“ने ना,” ती म्हणाली. “मापजो, फोटो काढजो, काय करायचं ते कर. पन त्यानं बांधजो नको. तुही तू काप.”

“हो,” म्हणाले मी. आणि चंद्रपूरला येऊन त्याच पट्टीनं बांधायला बसले.

काय सांगू त्या पट्टीचं! चाळीस वर्षं सूत फिरून फिरून ती मधे किंचित झिजली आहे आणि कडेला काचेसारखी गुळगुळीत झाली आहे. हातात घेतली की हात आपोआप शहाणा व्हायचा. घरं एकसारखी पडायची, सगळी किंचित डावीकडे कललेली, आणि त्यामुळे अख्ख्या जाळ्याला एक चाल यायची. सेमिनारमध्ये लोक उठून जवळ आले, फोटो काढले. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मी थांबलेच नाही. तीन वर्षांत पस्तीस हात बांधलं. मनाची समजूत अशी घातली की पट्टी म्हणजे नुसतं माप, माप काही कोणाचं नसतं. शिकलेल्या माणसाला स्वतःला फसवायला वाक्यं बरी सापडतात.

पाचव्या वर्षी उन्हाळ्यात मी ते जाळं फोटो काढायला तलावावर नेलं. तिथे लटारूभाऊ बसले होते. आमच्या मच्छीमार संस्थेतले सगळ्यात जुने, आमच्या तलावाच्या तळातला दगड न् दगड ठाऊक असलेले. त्यांनी सहज जाळ्यात चार बोटं घातली.

“गिरजाबाईनं पुन्हा बांधायले घेतलन का? डोळे सुधरले वाट्टे तिचे.”

“म्या बांधलं भाऊ हे.”

त्यांनी दुसरीकडे बोटं घातली, मग तिसरीकडे. “गाठ तुही असन. पन जाळं गिरजाबाईचं हाय.”

“तीन वर्षं बसून बांधलं भाऊ!”

“बसली असशीन ना बाई. बसाले कोन नाई म्हनते?” असं म्हणून ते आपला डोंगा काढायला निघून गेले.

मी पाळीवर उभी राहून त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. म्हातारा खवचट, म्हाताऱ्याला काय कळतं. पण चोराच्या मनात चांदणं. राग लटारूभाऊंवर नव्हताच. सेमिनार, टाळ्या, पाठीवरचे हात, तीन वर्षं कोणाला दिसलं नाही ते एका माणसानं चार बोटांत सांगितलं होतं.

त्याच दुपारी मी बांबू फोडला आणि नवी पट्टी कापली. माझ्या बोटांवर. माझी बोटं मोठी मायपेक्षा बारीक, करंगळी जरा वाकडी. त्याच जाळ्याला पुढे जोडून मी माझ्या पट्टीनं बांधायला सुरुवात केली. पाच महिने लागले, पाच हात झालं. एवढं वाईट काम मी आयुष्यात केलं नसेल. कुठे ढिलं, कुठे आवळलेलं. पण जिथे पट्टी बदलली तिथे घर बदललेलं आंधळ्यालाही कळावं असं होतं, आणि मला तेच हवं होतं. त्यावर मी शेवटचं प्रकरण लिहिलं, चाळीस पानं. इथे गिरजाबाईंचं जाळं संपतं आणि इथे माझं सुरू होतं. तीन वर्षं मी त्यांचा शब्द मोडला, तो असा आणि या कारणानं. सहा वर्षांत मी खरोखर शोधलेली गोष्ट तेवढी एकच. बाकीचं आमच्या गावात कोणीही चहाच्या एका कपावर सांगेल.

मॅडमनी ते वाचलं. “फार व्यक्तिगत आहे,” म्हणाल्या. “कबुलीजबाब वाटतो. परीक्षकांच्या हातात आपणच कोलीत कशाला द्यायचं?”

“ते काढणार नाही मी.”

“बघू,” मॅडम म्हणाल्या. मोठ्या माणसांच्या ‘बघू’चा अर्थ मला एव्हाना कळायला हवा होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, मी मोठी मायला आणायला गावी गेले. मॅडमनीच सुचवलं होतं. समाजातली माणसं हजर असली की परीक्षकांना बरं वाटतं म्हणे. मोठी माय ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवीत भाकरी बांधून निघाली. एसटीत सगळ्या रस्त्याला लोकांना सांगत होती, “पोट्टी डॉक्टर होऊन राह्यली. सुईवाली नाई, जाळ्याची.” दुपारी तीनला तिला हॉस्टेलवर बसवलं आणि मी प्रदर्शनाच्या दालनात गेले. जाळं टांगायचं काम त्या सकाळीच होणार होतं.

टांगलं होतं. पांढऱ्या भिंतीवर, वरून दिवे सोडून. खोटं कशाला बोलू, श्वास अडकावा असं दिसत होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी घरं डावीकडे कललेली. मग माझ्या लक्षात आलं की दुसरं टोक फार लवकर आलं. माझे पाच हात नव्हते. मला वाटलं मागे दुमडले असतील. मागे हात घालून पाहिलं. भिंत लागली. कडेला बोट फिरवलं तर सुताची टोकं टोचली. नायलॉन कापलं की उसवू नये म्हणून टोक जाळतात, त्याचे काळे मणी ओळीनं बसले होते.

कोपऱ्यात पोचूभाऊ उभे होते. दालनाची देखभाल तेच करतात. भामरागडकडचे माडिया आदिवासी, वीस वर्षं इथे आहेत. ते माझ्याकडे बघत नव्हते.

“पोचूभाऊ, कोनी कापलन?”

“म्या कापलो,” ते म्हणाले. “मॅडमनं धरलन, म्या कापलो. फेकून दे म्हनलन.”

“फेकलं?”

ते मागच्या खोलीत गेले आणि एक थैली घेऊन आले. आत माझे पाच हात होते, नीट घडी घालून, सुतळीनं बांधून. “जाळं कोनी फेकते का?” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता. मला तेवढ्यातही बरं वाटलं की या इमारतीत राग येणारं आणखी कोणीतरी आहे.

थैली घेऊन मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. दार वाजवलं नाही.

“बस आधी,” मॅडम म्हणाल्या.

“बसत नाही. जाळं का कापलं?”

“कापलं नाही, डिंपल. संपादित केलं. तो शेवटचा भाग कामाची लय मोडत होता. घरं एकदम बदलतात, ताण बदलतो, बघणाऱ्याचा डोळा तिथे अडकतो.”

“अडकावा म्हणूनच बांधला होता तो!”

“ते तुला माहीत आहे. परीक्षकाला नुसती चूक दिसेल.”

“चूकच आहे, मॅडम. पण माझी आहे. त्या अख्ख्या भिंतीवर माझी म्हणावी अशी तेवढीच वस्तू होती.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या मऊ आवाजात बोलायला लागल्या. “मी तुला वाचवतेय. ते शेवटचं प्रकरणही मी परिशिष्टात टाकलंय, गेलेलं नाही ते कुठे. उद्या त्या फॉर्मवर सही कर, तासाभराची परीक्षा, आणि मग तू डॉक्टर नान्हे. मग भांड माझ्याशी हवं तेवढं. तुझ्या गावातून आजवर कोणी इथवर आलंय?”

कोणी नाही. माझ्या गावातून काय, आजूबाजूच्या दहा गावांतून नाही. नेमकं कुठे दाबलं की मी गप्प होते हे त्यांना ठाऊक होतं, आणि मी गप्प झाले, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

“आणि त्या फॉर्मवर लिहिलंय की दुसऱ्या कोणाचा वाटा नाही.”

“औपचारिकता असते ती. सगळेच सही करतात.”

“गिरजाबाई हॉस्टेलवर बसल्या आहेत. त्यांच्यासमोर करू?”

“त्यांना कुठे वाचता येतं,” मॅडम म्हणाल्या.

त्यात कुचकेपणा नव्हता. आज ऊन आहे म्हणावं तशा म्हणाल्या. सहा वर्षं चटणी खाऊन, खऱ्या कलाकार म्हणून, शेवटी या बाईंच्या हिशेबी मोठी माय म्हणजे सोय होती. वाचता येत नाही ही सोय. मी दार आपटून बाहेर आले. दाराची काच थरथरली, फुटली नाही, आणि ती फुटायला हवी होती असं मला अजूनही वाटतं.

आता हेही सांगते, कारण दुसऱ्यावर चिडायचं तर आपलंही झाकून ठेवू नये. हॉस्टेलवर गेल्यावर मी फॉर्म काढला, पेन काढलं आणि सहीच्या रेघेवर टेकवलं. डॉक्टर नान्हे हे शब्द मी मनात म्हणून पाहिले. गोड लागले. मोठी माय खाटेवर बसून भाकरी सोडत होती.

“काय लिहून राह्यली?”

“काही नाई. फॉर्म हाय एक.”

“लिही, लिही. मंग जेवू.”

तिनं विचारलं असतं काय लिहिलंय तर मी काहीतरी थाप मारली असती. तिनं विचारलंच नाही. पोरगी लिहिते म्हणजे खरं तेच लिहीत असणार. मी पेनाला टोपण लावलं.

बुधवारी साडेदहाला परीक्षक आले. बाहेरून आलेले सर सोलापूरकडचे, साठीचे, पायांत साध्या चपला. सोबत समितीतले दोघं. मॅडम त्यांना दालन दाखवत होत्या. मी बाजूला उभी, खांद्याला थैली, हातात न सही केलेला फॉर्म. मोठी मायला मी दाराशी खुर्ची दिली होती. पण भिंतीवर जाळं दिसल्यावर ढिवराची बाई खुर्चीवर बसते होय? ती उठून सरळ जाळ्याकडे गेली. तिथे पाटी होती, ‘कलाकृतीला स्पर्श करू नये’. तिला वाचता येत नाही हे किती बरं, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

तिनं चार बोटं आत घातली. मोतीबिंदूचे डोळे मिटले. आणि तिचा चेहरा असा खुलला की काय सांगू.

“आता बाई! माहं जाळं कोन टांगलन इथी?”

मॅडम हसल्या. “गिरजाबाईंना सगळीच जाळी आपली वाटतात. लोकपरंपरेत वैयक्तिक मालकी नसतेच ना, सर.”

हे वाक्य! ज्या गावात माणूस बोटं घालून आपलं जाळं ओळखतो, जिथे मेलेल्याची पट्टीसुद्धा दुसरा वापरत नाही, त्या गावात मालकी नसते! दुसरं प्रकरण या बाईंनी लाल शाईनं तपासलं होतं. वाचता कोणाला येत नव्हतं?

मोठी मायचं कोणाकडे लक्ष नव्हतं. ती जाळ्याच्या कडेकडेनं चालत घरं चाचपत होती. हळूहळू तिचा चेहरा बदलला.

“गाठ माही नाई,” ती म्हणाली. “गाठ पोट्टीची दिसते. पट्टी माही हाय.” मग ती माझ्याकडे वळली. “डिंपले, म्या तुले काय सांगून ठेवलं होतं?”

सहा वर्षांत मला एवढा सरळ प्रश्न कोणी विचारला नव्हता.

“त्यानं बांधजो नको म्हणून.”

“मंग?”

मॅडमवर चिडायला आलेली मी, आणि भर दालनात माझीच मान खाली गेली.

“इथे काय चाललंय ते कोणी मला सांगेल का?” सोलापूरचे सर म्हणाले.

“सर, आपण आत बसू या,” मॅडम घाईनं म्हणाल्या.

“आत नको. इथेच सांगते,” मी म्हणाले. थैलीतलं जाळं काढलं आणि त्यांच्यासमोर फरशीवर पसरलं. आवाज चढला होता, तो मी चढूच दिला. “सर, भिंतीवरचं पस्तीस हात जाळं गिरजाबाईंचं आहे. गाठी मी मारल्या, पण पट्टी त्यांची, आणि त्यांनी नको म्हटलेलं असताना. आमच्यात ते जाळं त्यांचंच ठरतं. हे खालचं पाच हात माझं. हे त्याला जोडलेलं होतं, काल कापलं. का जोडलं होतं ते शेवटच्या प्रकरणात आहे, ते परिशिष्टात गेलंय. परीक्षा घ्यायची तर या पाच हातांची घ्या. नापास करायचं तर यावर करा.”

“डिंपल, पुरे!” मॅडमचा आवाज फाटला.

“मॅडम, चोरी मी केली. पण माझी कबुली कापायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?”

मी फॉर्म फरशीवर ठेवला, गुडघ्यावर बसले आणि ‘सर्वस्वी माझे स्वतःचे’ यावर काट मारली. वर लिहिलं, ‘पस्तीस हात गिरजाबाई नान्हे, पाच हात मी.’ खाली सही केली. अकराला दहा मिनिटं होती.

सरांनी फॉर्म दोनदा वाचला. “असा फॉर्म मी आजवर पाहिला नाही,” म्हणाले. मग ते माझ्या जाळ्याशेजारी उकिडवे बसले आणि त्यांनी दोन प्रश्न विचारले, कापलेली कड कोणती आणि पाच हातांतल्या दुसऱ्या हातात एवढं आवळलेलं का. मी सांगितलं, त्या महिन्यात मला फार राग होता. त्यांनी मान हलवली आणि उठले. “नियमाप्रमाणे हे मला समितीकडे पाठवावं लागेल. तिथे काय होईल ते मी सांगू शकत नाही. शेवटचं प्रकरण मात्र मी वाचणार आहे.” एवढंच. टाळ्या वगैरे काही नाहीत.

मॅडम माझ्याजवळून जाताना थांबल्या. “सहा वर्षं मातीत घातलीस,” हळूच म्हणाल्या. “तुझी आणि माझीही.” त्यांचे डोळे भरले होते. मला वाईट वाटलं नाही. उद्या कदाचित वाटेल.

बाहेर व्हरांड्यात बाकावर मोठी माय बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती. मी शेजारी बसले.

“पट्टी दे,” ती म्हणाली.

मी पिशवीतून तिची पट्टी काढून दिली. तिनं ती पदराला पुसली आणि कमरेला खोचली. मग रस्त्यावरचे कोळशाचे ट्रक मोजावेत तशी समोर बघत राहिली. तिनं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“ते दे इकडं. तुहं.”

मी पाच हात तिच्या मांडीवर ठेवलं. त्याच मांडीवर. तिनं डोळे मिटले आणि एकेक घर चाचपायला घेतलं. तिची बोटं कुठे थांबतात ते मी बघत राहिले.

“इथी ढिलं हाय. मरळ हासत निंगून जाईन.”

“हो.”

“हे गाठ मेली. रागात मारली का?”

“हो.”

“राग गाठीत नाई घालाव, सूत कापते.” ती पुढे सरकली. “हे काय केलीस? हे घर हाय का खिडकी? आन इथी त झोपलीच होती वाट्टे.”

शेवटच्या घरापर्यंत ती गेली. एकाही घराला बरं म्हणाली नाही. माझे कान पुन्हा तापायला लागले होते, डोळेही.

“खराब हाय, मले मालूम हाय,” मी म्हणाले. “पन हे तरी माहं हाय ना, मोठी माय?”

तिनं डोळे उघडले आणि मला वेड लागलंय की काय अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

“मंग कोनाचं? असं वाकडं जाळं माह्या हातून कायले होईन!”